किरकोळ खर्च

आमच्या सभेचं कार्यालय शनिवारात,
पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर.
एक खोली, दोन कपाटं, तीन गवसण्या,
आणि आजवरचे सगळे अध्यक्ष एकाच चौकटीत,
कारण भिंत दुसरा खिळा सोसत नाही.

मी इथला मानद खजिनदार.
मला गाण्यातलं कळत नाही, हे आधीच सांगितलं होतं.
‘बरंच आहे,’ पाठराबे म्हणाले,
‘कळणाऱ्यांनी हिशेब ठेवून पाहिलेत.’
तेव्हापासून मैफलीला मी मागच्या दाराशी,
पावतीपुस्तक मांडीवर.
समेला सगळ्यांच्या माना हलतात
तेव्हा डोकी मोजून घेतो.

चैत्रात चंपूताई आल्या.
चौदा पायऱ्या, दोनदा थांबून.
वृद्ध कलावंत मानधनाचा अर्ज,
रकाना नऊ: कलाकार असल्याचा पुरावा.
जाहिरात, कात्रण, निमंत्रणपत्रिका, ध्वनिमुद्रिका,
यांपैकी कोणतेही दोन.

एकेचाळीस वर्षं त्या मागे बसल्या,
गाणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागे, चार तारांपाशी.
पत्रिकेत तबल्याचं नाव यायचं, पेटीचं यायचं,
मंडपवाल्याचंही यायचं, तळाशी, बारीक.
पिशवीतून त्यांनी एक फोटो काढला.
बुवांचा वर गेलेला हात,
आणि पार कडेला, तारेवर टेकलेलं
एक मधलं बोट.
‘ही मी,’ म्हणाल्या.

बोटाची ओळख कोण पटवणार?

खाली गिरणी सुरू झाली.
‘गहू आहे,’ चंपूताई म्हणाल्या. ‘काळी एक.’
थोड्या वेळानं पट्टा दमला.
‘आता ज्वारी घातली. उतरली बघा.’
ज्वारी म्हणाल्या की जवारी, मला नीट कळलं नाही.
नऊ वर्षं त्या आवाजावर बसून मी बेरजा करतोय.

मग कपाट उघडलं.
डांबरगोळ्यांचा वास.
दाभणानं ओवलेली व्हाउचरं,
धर्मादाय आयुक्तांच्या धाकानं जपलेली.
आधीचे खजिनदार नेर्लेकर, त्यांना काही फाडवत नसे,
देव त्यांचं भलं करो.

किरकोळ खर्च.
सतरंज्या, हातगाडी: बारा रुपये.
चहा: नऊ चाळीस.
हार, मोठा एक, लहान दोन.
रिक्षा, स्टेशन ते नागनाथ पार, बुवा व पेटी.
तानपुरा साथ: रुपये पंधरा, पावले.
आणि रेव्हेन्यू तिकिटावरून आडवी गेलेली सही,
चंपावती ग. रेठरेकर.

पान उलटलं. चहा, हार, रिक्षा, रेठरेकर.
पुढचं साल. गॅसबत्ती भाडे, रेठरेकर.
पंधराचे वीस झाले, विसाचे पन्नास,
शेवटी शेवटी सहीतला ‘ठ’ उघडाच राहू लागला.
एकशे सव्वीस सह्या.
एकाही जाहिरातीत नसलेली बाई
आमच्या चहात आणि हारांत
इतकी वर्षं मुक्कामाला होती.

नकला काढल्या. सभेचा शिक्का मारला.
प्रत्येकीवर ‘खरी प्रत’ लिहिलं.

त्या निघाल्या, आणि दाराशी थांबल्या.
‘याला लावतं का कोणी?’
‘डबी असते ना आता,’ मी म्हणालो, ‘बटण दाबलं की झालं.’
त्यांनी काही न बोलता गवसणीची नाडी सोडली.
खुंट्या कुरकुरल्या, मणी सरकले,
जवारीखाली दोरा एक केसभर हलला.
खालच्या गव्हाला षड्ज मानून
त्यांनी तो तानपुरा लावला,
आणि गिरणी बंद झाली तरी
खोलीत काहीतरी दळत राहिलं.

ज्येष्ठात अर्ज परत आला.
‘पुरावे दोनच जोडावेत.
आपण एकशे सव्वीस जोडले आहेत.’

चार दिवस झाले, टेबलावर सगळ्या सह्या पसरून बसलोय.
कोणत्या दोन, ते ठरत नाही.
खाली ज्वारी चालू आहे.